गरम न होणारी गाडी

"गाडी गरम झाली की माणूस मरतो," मामा एकदा म्हणाले होते.

तेव्हा मिस्त्री हसला होता. लग्न ठरवायला तो त्यांच्या खोलीवर गेला होता, पुढ्यात चहा आला होता, आणि होणाऱ्या सासऱ्याशी काय बोलावं हे न सुचून त्याने आपल्या धंद्याचा विषय काढला होता. माझं गॅरेज आहे, जास्त करून डिझेलच्या गाड्या येतात, उन्हाळ्यात काम वाढतं कारण गाड्या गरम होतात, असं काहीबाही. त्यावर मामा कपाकडे बघत हे वाक्य बोलले, चहा बशीत ओतला आणि तो पार निवेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मिस्त्रीला वाटलं, म्हाताऱ्याचे विनोद कोरडे आहेत. पुढे तो जावई झाला, त्याला मुलं झाली, त्याचे केस पिकायला लागले. आपलं ते हसणं त्याला पुन्हा आठवलं ते एका पिकअपच्या बॉनेटखाली, हात ग्रीसने भरलेले असताना.

मामा बर्फाच्या कारखान्यात ड्रायव्हर होते. ओली फरशी, नाकाला झोंबणारा अमोनिया, लोखंडी साच्यांतून सुटून घसरत येणाऱ्या लाद्या, त्यांच्यावर टाकायचा भुसा आणि गोणपाट. रोज सकाळी लाद्या भरायच्या, वितळायच्या आत मासळीच्या धक्क्यावर पोचवायच्या आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. जगात असा माल दुसरा नाही. उशीर झाला तर तो नासत नाही, सडत नाही, नुसता नाहीसा होतो आणि मागे ओला भुसा उरतो.

कारखान्यात सगळे मामांना 'जपून' म्हणत. लादी उतरवताना मामांचं "जपून", फाटक उघडताना "जपून", कोणी शिंकलं तरी "जपून". शेवटी तेच नाव पडलं. "जपून आला का?" "जपून गेला की मघाच." त्यांच्या पिकअपच्या सीटमागे पाण्याचे दोन कॅन, फॅनबेल्ट, रबरी पाइपांचे तुकडे, तारा, दोर आणि एक सोडून दोन स्टेपन्या असत. दुसरी पिकअप चालवणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो झोपेतही गप्प बसत नसे अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. हा रेडिओ धक्क्यावर सगळ्यांना सांगे, "दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमचा जपून बर्फ फुंकून खातो."

लोक हसत. मामाही हसत. पोळलं कशाने, हे मात्र कोणी विचारत नसे.

दोन्ही पिकअप जुळ्या. एकाच दिवशी आलेल्या, एकाच रंगाच्या. माल तोच, रस्ता तोच. पण रेडिओची गाडी धक्क्याला जाऊन येई, पुन्हा जाई, आणि मामांची गाडी परतीच्या वाटेवर पुन्हा डिझेल भरायला पंपाकडे वळे. सुरुवातीला मॅनेजरने डोळेझाक केली. मग त्याने मामांना बोलावून घेतलं, आणि बोलावलं तेही लोडिंगच्या वेळेला, सगळ्यांच्या देखत.

"माझं वैर नाही तुमच्याशी," मॅनेजर म्हणाला. "पण वरून विचारणा होते. एकाच आईच्या दोन लेकी, एक जेवते आणि एक खातच सुटते. कुठेतरी पाणी मुरतंय."

ते शब्द फरशीवर पडले आणि वितळले नाहीत. साचे उचलणारे थांबले. रेडिओसुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा.

"सोमवारपासून गाडी रेडिओच्या भावाकडे जाईल," मॅनेजर पुढे म्हणाला. "तुम्ही फाटकावर बसा. वय झालंय, खुर्ची देतो, पंखा देतो. आणखी काय पाहिजे?"

मामा हातातलं गोणपाट लादीवर पसरत राहिले. जेवणाचा डबा द्यायला आलेला त्यांचा जावई मागे उभा होता. तोच बोलून गेला, "साहेब, गाडी मला द्या. सोमवारी सकाळी ठीक करून आणून लावतो. तिने जुळीइतकंच डिझेल खाल्लं नाही, तर मग काय ते करा."

परत येताना स्कूटरवर मागे बसलेले मामा म्हणाले, "जावईबापू, शब्द जपून द्यावा."

"दिला खरा, मामा."

"हं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "फाटकावर बसून माणसाचे पाय सुजतात. आधीचा फाटकवाला बघितलाय मी. दोन्ही पाय भोपळ्यासारखे. शेवटी चपला सोडून गोणपाट गुंडाळून यायचा."

हा विनोद होता. पण आरशात मिस्त्रीला त्यांचा चेहरा दिसला आणि हसू आलं नाही. मामांकडे या जगात दोन गोष्टी होत्या: एक लेक, आणि त्या गाडीचं उजव्या हाताचं सीट. लेक सासरी होती, ते सासर म्हणजे आपलंच घर, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. राहिलं सीट.

गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर मिस्त्रीने नेहमीच्या क्रमाने शोधायला सुरुवात केली. डिझेल जास्त जातं म्हणजे एकतर ते सांडतं, किंवा नीट जळत नाही, किंवा गाडीला कोणीतरी मागे ओढून धरतं. चौथी शक्यता असते ती गाडीत नसते, माणसात असते. ती त्याच्या मनात आली तेव्हा त्याने पाना खाली ठेवून हात पुसले, उगाचच. मामा डिझेल विकतील? ज्या माणसाने धक्क्यावरून कधी एक मासा फुकट आणला नाही? पण ती शंका एकदा आली आणि मग डासासारखी कानाशी राहिली.

त्याने गाडीखाली पुठ्ठे अंथरले. सकाळी पुठ्ठे कोरडे. एअर फिल्टर काढून टायरवर आपटला, धूळ निघाली, पण इतकीही नाही. तरी नवा घातला. टर्बोच्या रबरी पाइपांवर साबणाचा फेस लावला आणि इंजिन रेस करून बघितलं, एक बुडबुडा हलला नाही. चारही चाकं उचलून हाताने फिरवली, कुठे ब्रेक घासतोय का. चाकं मोकळी फिरली, जत्रेतल्या पाळण्यासारखी. टायरांत हवा बरोबर. डिझेल फवारणारे नोझल काढून पलीकडच्या डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासायला नेले. त्याने एकेक मशीनला लावून दाबला आणि म्हणाला, "फवारा बघ, धुक्यासारखा. तुझ्या सासऱ्याला सांग, असं इंजिन मी माझ्या मुलीला आंदण देईन."

सगळं चांगलं होतं. हीच तर भीती होती. वाईट काहीतरी सापडावं म्हणून मिस्त्री चांगल्या गाडीचा एकेक अवयव उघडत होता.

मामा उपड्या खोक्यावर बसून हे सगळं बघत होते. प्रत्येक बोल्टला "जपून" होतंच. पण मिस्त्रीच्या एक लक्षात आलं. तो मागे चाकांशी असला की मामा बिडी काढत, पेटवत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत. तो पुढे रेडिएटरपाशी आला की बिडी विझे.

"त्या बाजूला काही नाही," ते एकदा म्हणाले.

"कशावरून?"

"मला माहीत आहे ना. गरम होत नाही गाडी. कधीच नाही. बाकी काहीही झालं असेल, पण ते नाही." आणि मग, जणू कोणी विचारलंच होतं, "मी रोज बघतो."

त्या रात्री मिस्त्रीची बायको अंथरूण घालताना म्हणाली, "काय निघालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे बरं ना?"

"नाही गं. काही नाही म्हणजे काहीच नाही."

ती थोडा वेळ उशी झटकत राहिली. मग दुसरीकडे बघून म्हणाली, "अहो, बाबांवर नाही ना येणार?"

मिस्त्रीने दिवा घालवला.

शेवटी त्याने ठरवलं, आता गॅरेजमध्ये काही सापडायचं नाही, गाडीबरोबर जायचं. नोझल परत बसवले, गाडी मामांच्या हवाली केली आणि शनिवारी पहाटे तो कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. मामा त्याच्या आधी आले होते. त्यांनी बॉनेट उघडलं होतं आणि हातात प्लॅस्टिकचा जग घेऊन ते पाण्याच्या टाकीचं बूच फिरवत होते. पाणी काठोकाठ होतं. तरी त्यांनी बोट बुडवून बघितलं, बोट पुसलं, बूच लावलं, पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

"या नव्या गाड्यांना रोज पाणी लागत नाही, मामा."

"माहीत आहे." त्यांनी जग सीटमागे ठेवला. "आमच्या जुन्या टेम्पोला लागायचं. ते काम तुमच्या सासूबाईंचं. घरातली भांडी भरून झाली की शेवटचा तांब्या टेम्पोला. म्हणायची, घरात मी, माझी मुलगी, नवरा आणि हा, चौघांना पाजते तेव्हा माझी सकाळ होते. मला कधी बूच उघडावं लागलं नाही. मी आपला नुसता किल्ली फिरवणारा."

मिस्त्रीने सासूला बघितलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत ती कोणाशी तरी बोलता बोलता कॅमेऱ्याकडे वळल्यासारखी दिसे. दम्याने गेली, एवढं त्याला ठाऊक होतं. दवाखान्याच्या वाटेवर, टेम्पो चढावर बंद पडला होता. बायकोने हे त्याला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, आणि नंतर दोघांपैकी कोणी त्या चढावर पुन्हा गेलं नव्हतं.

लाद्या भरल्या. गाडी निघाली. बाहेर गारवा होता, मागे बर्फ, आणि दोघांच्या श्वासाने समोरची काच धुरकट झाली. मिस्त्रीने हात पुढे करून हीटर चालू केला. गार वारा आला. त्याने वाट पाहिली. वस्ती मागे पडली, नाका गेला, तरी गारच.

"तो चालत नाही," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून फडकं काढून काच पुसली, स्वतःपुरती.

तेव्हा मिस्त्रीची नजर मीटरवर गेली. इंजिनाच्या उष्णतेचा काटा तळाला होता. इतका वेळ गाडी चालल्यावर तो मध्यापर्यंत यायला हवा होता. तो हलला नव्हता, जणू गाडी अजून फाटकातच उभी आहे. पुढे पुलाचा लांब चढ लागला. इंजिन ओरडायला लागलं. काटा जरासा उठला, आणि उतार लागताच पुन्हा झोपला.

आणि मिस्त्रीने आणखी एक बघितलं. मामा रस्ता बघत होते, पण रस्त्याएवढंच ते त्या काट्याकडे बघत होते. आई झोपलेल्या तान्ह्याच्या छातीकडे बघते, श्वास चालू आहे ना म्हणून, तसं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर. काटा तळाशी दिसला की त्यांचे खांदे खाली येत.

धक्क्यावर त्यांनी इंजिन बंद केलं नाही. लाद्या उतरेपर्यंत गाडी गुरगुरत राहिली.

"बंद करा की, मामा."

"परत चालू नाही झाली तर?"

लाद्या घ्यायला आलेली कोळीण ओरडली, "अहो जपून, तुमची गाडी सारखी जेवतीच आहे हो!" मामांनी तिला हात केला. मिस्त्री मात्र फुटबोर्डवर बसून राहिला. त्याला आता सापडलं होतं, आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाण्याच्या वाटेवर एक छोटा दरवाजा असतो. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात, गॅरेजात सगळे नुसतं व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन गार असतं तेव्हा तो मिटलेला असतो, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर ऊब धरतं. पुरेसं तापलं की तो आपोआप उघडतो आणि पाणी निवायला रेडिएटरकडे जातं. हा दरवाजा कधी अडकला तर गाडी उकळते. म्हणून कितीतरी ड्रायव्हर तो काढूनच टाकतात. दरवाजाच नको, म्हणजे अडकायची भीती नको. मग गाडी कधीच गरम होत नाही, हे खरं. पण इंजिनालाही ऊब लागते. गारठलेल्या इंजिनाच्या अंगी डिझेल लागत नाही, ते नुसतं मागत राहतं. नव्या गाडीचा व्हॉल्व्ह कोणी काढला असेल, असं मिस्त्रीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

रविवारी दुपारी त्याने पिकअप आपल्या घरासमोर गल्लीत आणून लावली. मामा जेवायला आलेले होतेच. त्याने बॉनेट उघडलं, पाणी काढून घेतलं, वरच्या पाइपाचा क्लॅम्प ढिला केला आणि मग म्हणाला, "मामा, हे झाकण उघडतो."

मामा बिडी काढत होते. ती त्यांनी परत खिशात ठेवली. "उघडा," ते म्हणाले.

दोन बोल्ट. झाकण सुटलं. आतली जागा रिकामी होती. पण पॅकिंग नवं होतं, नीट कापलेलं, कडेने चिकटवलेलं, एक टिपूस कुठे झिरपू नये असं. ज्याने कोणी हे केलं होतं त्याने पाप लपवण्यासारखं केलं नव्हतं, जखम बांधावी तसं केलं होतं.

डासासारखी कानाशी राहिलेली ती शंका उडून गेली, आणि तिच्या जागी जे येऊन बसलं त्याला डंख नव्हता, नुसतं वजन होतं.

"कुठे आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"खोलीवर."

"तो परत बसवावा लागेल, मामा. दुसरा इलाज नाही. दोष तोच आहे."

"तो बसवला तर मी चालवू शकत नाही."

"आणि नाही बसवला तर उद्या..."

"कळतं मला," मामा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "कळतं हो. आगीतून उठायचं आणि फुफाट्यात बसायचं, एवढंच तर ठरवायचंय."

ते खोलीवर गेले आणि ऊन कलायच्या आत परत आले. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून त्यांनी तो उघडला. आत रुमाल, आणि रुमालात दोन व्हॉल्व्ह. एक चकचकीत. दुसरा जुना, पितळ काळवंडलेलं, कडेला हिरवट पुटं चढलेली.

"हा गाडीचा," मामांनी चकचकीत व्हॉल्व्ह पुढे सरकवला. मग दुसऱ्यावर बोट ठेवलं, टेकवलं न टेकवलं असं. "आणि हा तो. टेम्पोतला. ज्याने मारलं तो."

मिस्त्रीची बायको चहाचं आधण ठेवायला निघाली होती, ती तशीच थांबली. "बाबा, तुम्ही हा ठेवलात?"

"रस्त्यावरच्या मिस्त्रीने काढून हातात दिला होता. म्हणाला, हा अडकला बघा, म्हणून उकळली. तेव्हापासून मी एका गाडीत हा राहू दिला नाही. या हाताने काढले सगळे." त्यांनी लेकीकडे बघितलं. "तू मध्ये बसली होतीस. तुला काय आठवणार."

"मला वाफ आठवते," ती म्हणाली.

तेवढ्यात बोलायला काहीतरी हवं म्हणून मिस्त्री म्हणाला, "नवा बसवायच्या आधी तपासावा लागेल. बरेच दिवस बाहेर होता. पाण्यात उकळून बघायचा, वेळेवर उघडतो का. तुमच्या डोळ्यांसमोर बघू, मामा. उघडला तर भ्यायचं कारण नाही."

त्याने चहाचं पातेलं घेतलं, पाणी भरलं, गॅसवर ठेवलं. व्हॉल्व्हला दोरा बांधला आणि दोरा पळीला गुंडाळून ती आडवी ठेवली, म्हणजे तो तळाला न टेकता पाण्यात लोंबत राहील.

"तोही टाका," मामा म्हणाले.

"त्याची काय गरज?"

"टाका. तुम्हालाही दिसू दे. अडकलेला म्हणजे काय असतो ते."

मिस्त्रीने जुना व्हॉल्व्ह हातात घेतला. इतकी वर्षं असले तुकडे हाताळलेल्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. वरचं पुट सोडलं तर तो स्वच्छ होता. स्प्रिंग ताठ, चकती सरळ बसलेली, कुठे कचरा नाही, वाकलेलं काही नाही. वाटेवरच्या त्या मिस्त्रीने न बघताच सांगितलं असेल. रडणाऱ्या माणसाला काहीतरी कारण द्यावं लागतं, तसं दिलं असेल.

"मामा, हा इतका जुना आहे, याचं काय कळणार? राहू दे ना."

"टाका म्हटलं ना."

त्याने दुसरा दोरा बांधला. दोन्ही व्हॉल्व्ह पातेल्यात शेजारी शेजारी लोंबत राहिले.

तिघं पाण्याकडे बघत उभे राहिले. आधी काहीच नाही. मग तळाला बारीक बुडबुडे धरले. पातेल्याने तो आवाज सुरू केला जो उकळण्याच्या खूप आधी येतो, दूरवर कोणी कुजबुजतंय असा. मिस्त्रीची बायको, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आई त्या आठवड्यात उठलीच नव्हती. अंथरुणातूनच मला सांगायची, पेला दे, उशी दे. भांडीसुद्धा शेजारच्या काकू भरून जायच्या."

तिला त्यात काही दिसलं नाही. मिस्त्रीला दिसलं. घरातली भांडी शेजारणीने भरली. टेम्पोला घालायचा शेवटचा तांब्या शेजारणीच्या कामात नव्हता, आणि मामांनी तर कधी बूच उघडलंच नव्हतं. त्याने मामांकडे बघितलं नाही. बघायची त्याची हिंमत झाली नाही.

नवा व्हॉल्व्ह आधी उघडला. केसाएवढी फट, मग नखाएवढी, मग तोंड पुरतं मोकळं. "उघडला," मिस्त्री मोठ्याने म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्याने, आणि त्याचा हात गॅसच्या बटणाकडे गेला. "झालं. आपलं काम झालं. बघितलंत ना?"

"राहू द्या," मामा म्हणाले.

हात तिथेच थांबला. जुना मिटलेला होता. पाणी आता कडेने हलायला लागलं होतं, वाफ वर येत होती, आणि तो मिटलेलाच होता. कित्येक वर्षांत मिस्त्रीने असंख्य सुटे भाग तपासले होते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, चांगला निघ. आज पहिल्यांदा तो म्हणत होता, बिघडलेला निघ. अडकलेला राहा. या म्हाताऱ्याला त्याचा शत्रू राहू दे. त्याच्या बायकोने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. कशासाठी, हे तिला अजून कळलं नव्हतं, पण तिने धरलं होतं.

क्षणभर वाटलं, नाहीच उघडत. मामांचे खांदे खाली आले, काटा तळाशी दिसला की येत तसे.

मग तो उघडला. सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा. पितळेची चकती खाली सरकली, एक काळी फट दिसली, रुंद झाली, आणि त्या तोंडातून इतक्या वर्षांचा हवेचा एक बुडबुडा सुटून वर आला आणि फुटला. दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांशेजारी सारखेच उघडे होते. कोणता नवा, कोणता जुना, हे फक्त रंगावरून कळत होतं.

पाण्याला उकळी फुटली. कोणीच गॅस बंद केला नाही.

"बाबा," मिस्त्रीची बायको म्हणाली. मामा पातेल्याकडे बघत नव्हते. ते ओट्याच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होते. मिस्त्रीने त्यांच्या नजरेची दिशा पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं की लेकीचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं, आणि त्याच्याइतकंच पुरतं ऐकलं होतं. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं. टेम्पो जुना होता. पाइप फुटला असेल. बेल्ट तुटला असेल. शंभर कारणं असतात, मामा. पण शंभर कारणं तपासायला तो टेम्पो आता कुठे होता? आणि मामा तर एकच कारण मागत आले होते. त्यांना ते मिळालं होतं.

"मामा," तो एवढंच म्हणू शकला, "मी बसवतो. तुम्ही बसा."

मामांनी मान हलवली. नाही म्हणून. त्यांनी पळी उचलली. नव्याचा दोरा सोडवला, व्हॉल्व्ह रुमालात धरला. तो चांगलाच गरम होता, पण हात त्यांनी आखडला नाही. जुना त्यांनी होता तिथेच पाण्यात राहू दिला. मिस्त्रीने ओट्यावर आणून ठेवलेला पाना त्यांनी उचलला, पॅकिंगचा कागद उचलला, आणि थोडं थांबून कोपऱ्यातला पाण्याने भरलेला तांब्याही.

दाराशी उन्हाचा शेवटचा पट्टा होता. त्याच्या पलीकडे गल्लीत बॉनेट उघडं टाकलेली पिकअप उभी होती. लेक वाटेत होती, ती बाजूला झाली. मामांनी पायात चपला सरकवल्या आणि तांब्यातलं पाणी हिंदकळू न देता ते बाहेर पडले.